साडेपाचच्या आतला स्वयंपाक

रविवार, ३ नोव्हेंबर

आईंना जावयाचा नमस्कार,

लग्नाला अकरा वर्षं झाली आणि मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितोय. घाबरू नका, सगळे ठणठणीत आहेत. फोन केला असता, पण तुमचा आवाज आला की तुमची कन्या फोन हिसकावून घेते, आणि ही गोष्ट तिच्या कानावर जाता कामा नये.

बबी आता मुख्य परिचारिका झाली, हे तिने तुम्हाला सांगितलंच असेल. वॉर्डात बावीस खाटा आणि हिच्या हाताखाली नऊजणी. पण आता शुक्रवारी घरी यायला तिला साडेचार होतात, आणि आपल्या ज्यूंच्या घरी शनिवारच्या शब्बाथचे दिवे शुक्रवारी साडेपाचच्या आत लागायला हवेत. एका तासात ती बिचारी काय काय करणार? माझी ड्युटी पहाटे पाचला सुरू होते आणि दुपारी एकला मी मोकळा. तेव्हा मी छाती काढून म्हटलं, "शुक्रवारचं स्वयंपाकघर आजपासून माझं." ती इतकी हसली की तिला ठसका लागला. दोन्ही मुलीही हसल्या. मला फार लागलं ते, आई. मी बसडेपोत दोनशे दहा फेऱ्यांचं वेळापत्रक बनवतो. मला एक जेवण वेळेवर करता येणार नाही?

नाही आलं.

दोनला सुरुवात केली. रस्सा उकळत होता, मी खुशीत ढवळत होतो, आणि बघतो तर हातात दुधाची पळी! मटणाच्या पातेल्यात दुधाची पळी! आपल्याकडे तर दोन्हींची भांडीसुद्धा एकमेकांना लागू देत नाहीत! गॅस बंद केला आणि पळी हातात घेऊनच गुरुजींच्या घरी धावलो, मागच्या गल्लीत. लोक बघत होते. गुरुजींनी शांतपणे विचारलं, "काल दुपारपासून ही गरम दुधात गेली होती का?" म्हटलं, नाही. "मग रस्सा खा. पळी मात्र शब्बाथ संपल्यावर उकळत्या पाण्यातून काढ, आणि आता घरी पळ." पण या सगळ्यात अर्धा तास गेला. दिवे लागले तेव्हा बटाटे कच्चे होते. एकदा दिवे लागल्यावर आच पेटवायची सोय नाही. म्हणून शुक्रवारी रात्री आम्ही पाव आणि रस्सा खाल्ला, आणि बटाटे पातेल्यात तसेच दगडासारखे पडून राहिले. धाकटीने एक उचलून टेबलावर आपटून दाखवला.

 आता १५ तारखेच्या शुक्रवारी बबी सुट्टी मागणार आहे, असं मोठीकडून कळलं. नव्या जागेवर पहिल्याच महिन्यात सुट्टी! ते मला होऊ द्यायचं नाहीये. मला शिकवा. उत्तर डेपोच्या पत्त्यावर टाका.

तुमचा,
जावई


शुक्रवार, ८ नोव्हेंबर

जावईबुवा, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारीण भिंतीवर टकटक करून विचारायला लागली, काय झालं. पळी घेऊन धावणारे जावई माझ्या सात पिढ्यांत कुणाला मिळाले नसतील.

तुमचं चुकलं कुठे ते सांगते. तुम्ही शुक्रवारी सुरुवात केलीत. शुक्रवारचा स्वयंपाक बुधवारी सुरू होतो. बुधवारी ठरवायचं आणि आणायचं. गुरुवारी संध्याकाळी पालेभाजी पान न् पान उजेडात धरून बघायची, किडा-मुंगी राहता कामा नये. डाळ ताटात पसरून निवडायची. अंडी एकेक करून वाटीत फोडायची, रक्ताचा ठिपका दिसला की ते बाजूला. ही कामं घाईत होत नाहीत. पिठात खमीर घालून मळून ठेवायचं तेही गुरुवारीच. मग शुक्रवारी तुमच्या हातात फक्त शिजवणं उरतं.

आणि वेळ मागून मोजा. साडेपाचला दिवे, तर सव्वापाचला सगळं उतरलेलं हवं. पाचला आंघोळी. त्याआधी शनिवारचं मोठं पातेलं गॅसवर ठेवलेल्या पत्र्यावर, रात्रभरासाठी मंद आचेवर चढलेलं. असं मागे मागे येत जा. हे मी तुम्हाला काय सांगायचं! तुम्ही रोज तेच तर करता.

पळ्यांचं म्हणाल तर मटणाच्या भांड्यांच्या कड्यांना लाल दोरा बांधा, दुधाच्या भांड्यांना निळा. बबीला वाटेल मुलींचा उद्योग आहे.

रश्श्यात कांदा बेताने. म्हणजे तुम्ही घाला हवा तेवढा, मला आपली सवय झाली आहे, डॉक्टरांना कांदा चालत नाही. भाज्याही मी हल्ली पार मऊ शिजवते. आता लिहिणं थांबवते, चार वाजत आले, दर शुक्रवारसारखे डॉक्टर येतील.

तुमची,
आई


रविवार, १७ नोव्हेंबर

आई! आई! आई!

जमलं! परवा पाच वाजून दहा मिनिटांनी सगळं तयार होतं. बटाटे सुरी लावताच दुभंगत होते. पाव दोन्ही फुगले, एक जरा वाकडा, पण फुगला. टेबलावर पांढरी चादर, दिवे मांडलेले, मुली न्हाऊन, आणि मी धुतलेला शर्ट घालून खुर्चीवर बसलो होतो. करायला काही उरलं नव्हतं म्हणून नुसता बसलो होतो! वीस मिनिटं!

बबी त्या दिवशी उशिरा, सव्वापाचला आली. धावत जिना चढली, दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली. पिशवी खांद्यावर तशीच. मग म्हणाली, "कुणाला बोलावलंस स्वयंपाकाला?" मी म्हटलं, कुणालाही नाही. ती आत गेली, झाकणं उघडून बघितली, आणि परत येऊन माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. मग मात्र तिने दिवे लावले, डोळ्यांवर हात धरले, आणि नेहमीपेक्षा बराच वेळ तशीच उभी राहिली. सुट्टीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता मी पूर्ण आठवड्याचा तक्ता करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. सोबत नक्कल पाठवतोय, चुका काढा.

आता एक विचारू? डॉक्टर दर शुक्रवारी चारला येतात? एवढं काय झालंय? कांदा बंद, सगळं मऊ... आई, पोटाचं काही आहे का? बबीला अजून बोललो नाही. खरं काय ते कळवा.

जावई


गुरुवार, २१ नोव्हेंबर

जावईबुवा,

शाबास! तक्ता पाहिला. अक्षर छान आहे, पण शनिवारचं काय केलंत? एकला मटणाचं जेवण आणि चारला दुधाचा चहा? मधे सहा तास जायला नकोत का? चहा हवा तर सकाळी प्रार्थनेला जाण्याआधी घ्या, नाहीतर बिनदुधाचा प्या. रविवारी डाळ, सोमवारी मासे, मंगळवारी परत डाळ. मुली कंटाळतील. मंगळवारी अंडी टाका.

माझी काळजी नको. मी घोड्यासारखी आहे. डॉक्टर येतात ते नाडी बघायला नव्हे. ते आपलं सहज. पुढे कधीतरी सांगेन, पत्रात नीट मांडता येत नाही.

एक विचारते, हसू नका. एकसष्टाव्या वर्षी बाईने गडद निळं नेसलं तर बरं दिसतं का?

आई


रविवार, १ डिसेंबर

आई,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. "नाडी बघायला नव्हे," "नीट मांडता येत नाही," आणि मग एकदम कपड्यांचा विषय. मी साधा माणूस आहे, पण इतका साधा नाही. माझे काका आजारी होते तेव्हा असंच बोलायचे. सगळ्यांना नवे कपडे घ्यायचे आणि आजाराचं नाव काढायचे नाहीत.

मला राहवलं नाही. परवा मी बबीला सगळं सांगितलं. पत्रं दाखवली. म्हणजे माझी चोरीही उघडी पडली, पण त्याचं आता काही नाही. ती पांढरीफटक पडली. दहा मिनिटांनी उठली आणि कामाला लागली. तिच्या रुग्णालयात १२ तारखेला सकाळी दहाला तुमची तपासणी ठरवली आहे. रक्त, पोट, हृदय, सगळं. चार दिवस राहायच्या तयारीने या. ती स्वतः तुम्हाला आणायला येणार आहे. फोनवर तुम्ही "काही नाही गं" म्हणून टाळाल, म्हणून फोन करायचा नाही असं तिने ठरवलंय. बॅग भरून दाराशी ठेवली आहे.

आई, जे असेल ते आपण सगळे मिळून बघू.

जावई


मंगळवार, ३ डिसेंबर

जावईबुवा,

थांबवा तिला! मला काहीही झालेलं नाही!

आता लिहिते ते बसून वाचा. डॉक्टर दातांचे आहेत. सात वर्षांपूर्वी या गावात येऊन दवाखाना काढला, आता निवृत्त आहेत. आमच्याच प्रार्थनाघरात येतात, बायको जाऊन खूप वर्षं झाली. मऊ खातात कारण दुसऱ्यांचे दात सांभाळता सांभाळता स्वतःचे निम्मे गमावले. कांदा त्यांना बाधतो. मी मात्र कच्चा कांदा खाते आणि खात राहणार.

बबीचे वडील गेल्यावर मी शुक्रवारचा स्वयंपाक सोडला होता, हे तुम्हा दोघांना कधी सांगितलं नाही. एकटीसाठी कोण शब्बाथचे दोन पाव करणार? दिवे लावायचे, बिस्किटं खाऊन पडायचं. फोनवर बबी विचारायची, "काय केलंस आज?" आणि मी मनाला येईल ते सांगायची. मासे केले, पुलाव केला. तीन वर्षं खोटं बोलले. मग मागच्या हिवाळ्यात एकदा प्रार्थनेनंतर इथल्या गुरुजींच्या बायकोने डॉक्टरांना विचारलं, "आज जेवायला काय?" ते म्हणाले, "उकडलेली अंडी. मागच्या शुक्रवारीही अंडी, पुढच्या शुक्रवारीही अंडीच." सगळे हसले. मला हसू आलं नाही. पुढच्या शुक्रवारी मी दोन पाव केले.

ते चारला येतात. बटाटे सोलतात, दात कोरावेत तसे. बटाट्यावरचा एकही डोळा ठेवत नाहीत. बोलतात कमी, पण गातात बरं. गेल्या महिन्यात बटाटा हातात धरूनच त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. जावईबुवा, मी हो म्हटलं आणि दूध उतू गेलं!

बबीला सांगायची हिंमत होत नाही. वडिलांवर तिचा किती जीव होता ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सांगा. बेताने, चांगला मोका बघून.

आई


रविवार, ८ डिसेंबर

आई,

अभिनंदन! आधी तेच लिहितो, कारण पुढचं इतकं गोड नाही. पत्र वाचून मी डेपोत टेबलावर हात आपटला, शेजारच्या तिकीटबाबूचा चहा सांडला. गडद निळंच नेसा!

मोका बघायला वेळच नव्हता, ती तिकीट काढायला निघाली होती. दारातच सांगितलं. आधी ती भिंतीला टेकून हसली, तुम्ही बऱ्या आहात म्हणून. मग हसू थांबलं. बॅग उघडली, एकेक कपडा काढून परत कपाटात ठेवला.  शुक्रवारी जेवताना अचानक म्हणाली, "आणि बाबांच्या खुर्चीत कोण बसतं?" मग म्हणाली, "ते टेबल मी आता बघू शकत नाही. मी तिकडे जाणार नाही."

म्हणून मी ठरवलंय की तुम्ही दोघं इकडे या. २० तारखेला, शुक्रवारी. माझ्या टेबलाशी बाबांची खुर्ची नाही. स्वयंपाक मी करेन, बिनकांद्याचा, मऊ. सकाळी आठची गाडी धरलीत तर दीडपर्यंत घरी पोचाल. बबीला सांगितलं. ती "बघू" म्हणाली. तिचं "बघू" वडिलांसारखं नाही, तुमच्यासारखं आहे, म्हणजे आशा आहे.

जावई


शुक्रवार, २० डिसेंबर, सकाळी सात

जावईबुवा,

ही चिठ्ठी डॉक्टरांच्या हाती देते आहे. मी येत नाहीये. रागावू नका. मी शेजारी बसले तर बबी जेवणभर माझ्याच तोंडाकडे बघत राहील. त्यांच्याकडे बघणारच नाही. तिने माणूस बघावा. मग ती म्हणेल तसं. ती नाही म्हणाली तर मी डॉक्टरांना तसं सांगेन, त्यांच्याशी माझं बोलणं झालंय.

फोन उद्या शब्बाथ संपून तीन तारे दिसल्यावरच करता येईल. म्हणजे पस्तीस-छत्तीस तास. मी काय करू तोवर, देव जाणे.

आई


रविवार, २२ डिसेंबर

आई,

काल फोनवर बबी नुसतं "आई, ते पोचतील उद्या दुपारी, त्यांना मफलर दिलाय" एवढंच म्हणून रडायला लागली. तुम्हीही रडायला लागलात. दोघींचं रडणं ऐकून मी फोन ठेवून दिला. आता नीट सांगतो.

डॉक्टर दीडला आले. हातात छोटी पेटी आणि फडक्यात बांधलेले तुमचे दोन पाव. माझे हात पिठाचे. तुमची चिठ्ठी वाचली आणि मला घाम फुटला. ते म्हणाले, "बटाटे कुठे आहेत?" कोट आणि शर्ट काढून खुंटीला टांगले आणि बनियनवरच बसले.

सगळं तक्त्याप्रमाणे चाललं होतं. चारला गॅस संपला. हरकत नाही म्हटलं, दुसरा सिलिंडर आहे. उचलला तर एका हाताने वर आला. रिकामा! तक्त्यात मीठसुद्धा लिहिलेलं होतं, आई, फक्त गॅस नव्हता. रस्सा अर्धा, भात कच्चा, मोठं पातेलं चढायचंय. मी डोकं धरून बसलो. तळमजल्यावरच्या बाईंच्या चुलीवर आपलं पातेलं ठेवता येणार नाही, त्यांची भांडी वेगळी. डॉक्टर म्हणाले, "चूल नको. सिलिंडर मागू." बाईंनी लगेच दिला. पण भरलेला सिलिंडर आणि तीन जिने. मी वरून, ते खालून. मी म्हणत होतो तुम्ही राहू द्या, ते ऐकेनात. दर पायरीला थांबत होतो.

दुसऱ्या जिन्यावर मागून बबीचा आवाज. वेळेवर सुटली होती. तिला पाठमोरा म्हातारा माणूस दिसला, बनियनला पीठ लागलेलं, सिलिंडर उचलणारा. ती कडाडली, "अहो काका! या वयात गॅस पोचवायचं काम करता? पाठ जाईल! सोडा!" आणि त्यांना बाजूला करून स्वतः सिलिंडरला हात घातला. वॉर्डात असंच करत असणार. वर पोचल्यावर त्यांना खुर्चीवर बसवलं, नाडी धरली, पाणी दिलं. "घरी कुणी नाही का तुमचं? तुम्हाला असं कामाला का लावतात?"

ते म्हणाले, "तुमच्या आईने पाठवलंय."

नाडी तिच्या हातातच होती.  मग विचारलं, "आई कुठाय?"

"आली नाही. मी एकटाच कसा दिसतो ते तुम्ही बघावं म्हणाली."

बबीने घड्याळ बघितलं. पावणेपाच. "ते नंतर बघू," ती म्हणाली, "गाजरं कोण किसतंय?" आणि मग आई, ते पाऊण तास! ती हुकूम सोडत होती, आम्ही दोघं पळत होतो, मुली टेबल मांडत होत्या. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी मोठं पातेलं पत्र्यावर चढलं. साडेपाचला दिवे लागले. डॉक्टर दारामागे उभे राहून शर्टाची बटणं लावत होते, ती उलटसुलट लागली.

 जेवताना बबीनेच विचारलं, अगदी सरळ. "बाबांच्या खुर्चीत तुम्ही बसता?"

"नाही. ती खिडकीशी आहे. मी स्टुलावर बसतो."

"ते स्टूल? ते डुगडुगतं."

"हो. दोनदा पडलोय."

ती हसू दाबत होती. मग ते म्हणाले, "तुमच्या वडिलांना मी ओळखत होतो. अंत्यविधीलाही होतो, तेव्हा मला दाढी होती. शुक्रवारी दुपारी ते माझ्या दवाखान्यात येऊन बसायचे."

"बाबांचे दात तर चांगले होते."

"उत्तम होते. घरी स्वयंपाकाची धांदल असायची, समोर दिसले की तुमची आई कामाला लावायची, म्हणून ते माझ्याकडे पेपर वाचत बसायचे. साडेचारला गालावर हात धरून घरी जायचे. तीन वर्षं. तिला अजून मी सांगितलेलं नाही."

आई, बबी इतकी हसली! खुर्चीवरून वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मुलींना काही कळलं नाही, त्याही हसल्या. मग डोळे पुसत तिने डॉक्टरांच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला आणि म्हणाली, "अजून सांगा ना. बाबांचं."

त्यांनी सांगितलं. बराच वेळ. मलाही माहीत नव्हतं त्यातलं पुष्कळ.

आता तारीख ठरवा!

जावई


बुधवार, २५ डिसेंबर

जावईबुवा,

गालावर हात धरून! आणि मी त्यांना लवंगेचं तेल लावून द्यायची, दर शुक्रवारी! त्यांना आता काय बोलू? डॉक्टरांना मात्र चांगलं बोलले. ते म्हणाले, रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवावी लागते.

तो शुक्रवार माझा कसा गेला विचारू नका. पाव तुमच्याकडे पाठवले होते, घरात पीठ होतं, पण हात चालेना. दोनदा डाळ निवडली, तीच डाळ. शनिवारी संध्याकाळी अंगणात उभी राहून आकाशाकडे बघत होते, एक तारा दिसला, दुसरा दिसला, तिसरा काही दिसेना. एवढा उशीर ताऱ्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता.

बबी काल दुपारी न सांगता आली. तुम्हाला ड्युटीवर जातेय म्हणून निघाली, असं ती म्हणते. दारात उभी राहिली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "हा निळा रंग नाही, दुसरा निळा हवा." मग आम्ही दोघी दारातच एकमेकींना धरून उभ्या होतो, दूधवाला खाकरून निघून गेला.

लग्न पुढच्या महिन्यात, मंगळवारी. साठ माणसं. बबी आणि डॉक्टर आत्ता आत यादी करताहेत आणि त्यांचं जोरात भांडण चाललंय. ते म्हणतात सगळं मऊ करा, ती म्हणते साठ माणसांना दात आहेत. मी मधे बोलायला गेले तर दोघांनी मिळून मला स्वयंपाकघराबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. म्हणून ओट्याशी नाही, बाहेरच्या खोलीत उन्हात बसून लिहिते आहे. बुधवार आहे, शुक्रवारचं काही आणलेलं नाही, काही ठरवलेलं नाही, आणि मला कुणी काही विचारतही नाही.

तुम्ही मुलींना घेऊन शुक्रवारी सकाळी निघा. रिकाम्या हातांनी या.

तुमची,
आई